मदत हवी आहे: सोनोग्राफीच्या चित्रात दुपारी तिरक्या रेघा, शिवाय एक कायमचा काळा पट्टा

नमस्कार मंडळी. निपाणी-चिकोडी भागातल्या लहान दवाखान्यांची यंत्रं मी बघतो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा बेळगावात केला. ईसीजी, मॉनिटर, सक्शन यांवर हात बसलाय, सोनोग्राफीचं काम मात्र पहिल्यांदाच अंगावर आलंय.

मशीन एका प्रसूतिगृहातलं आहे. पोटावर फिरवायचा फुगीर तोंडाचा कॉन्व्हेक्स प्रोब, त्यात आवाज सोडणारे-टिपणारे १२८ बारीक एलिमेंट, साडेतीन मेगाहर्ट्झच्या आसपास वापरतात. चित्राच्या डाव्या अंगाला कातडीलगत एक काळा पट्टा दिसतो. वर गडद, खाली पाच-सहा सेंटीमीटरवर विरून जातो. पेशंट कुणीही असो, जागा तीच. दुसरा त्रास वेगळाच. चित्राच्या खालच्या अर्ध्या भागात ठिपक्यांच्या तिरक्या रेघा वाऱ्यावरच्या पावसासारख्या सरकत राहतात. सकाळी दहाच्या सुमाराला सुरू होतात, दुपारी कळस, दिवेलागणीला गायब. कलर डॉप्लर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय) लावला की अख्खा चौकोन रंगांनी भरून जातो, रक्तप्रवाह कुठला आणि कचरा कुठला काही कळत नाही.

सर्व्हिसवाल्यांनी फोनवरच "प्रोब बदला" म्हणून सांगून टाकलं. किंमत ऐकून प्रसूतिगृहाच्या डॉक्टर मॅडम गप्प झाल्या. शंका वाटली की त्या पेशंटला कोल्हापूर नाहीतर बेळगावला पाठवतात. इथल्या कितीतरी बायका विड्या वळणाऱ्या, तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या. सातव्या-आठव्या महिन्यात एसटीचा प्रवास आणि वर दिवसाची मजुरी बुडते. मला हे बघवत नाही, म्हणून इथे विचारतोय.

मशीन कोल्हापूरला नेऊन दाखवा असं कृपया सुचवू नका. अंतर चाळीसेक किलोमीटरच आहे, पण १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंध कायद्याखाली मशीनची नोंद या जागेवर आहे. ते परवानगीशिवाय हलवायचं नाही, त्यात मध्ये राज्याची हद्द. मॅडम प्रोबसुद्धा कागदाशिवाय बाहेर देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पेशंटचे फोटो टाकणार नाही. जे करायचं ते जागेवर.

मी इतकंच तपासलंय: व्होल्टेज ठीक, यूपीएस ठीक, पण दुपारी अर्थ-न्यूट्रलमध्ये ७ व्होल्ट मिळतात. आमचा वायरमन म्हणतो, "वैशाखात काळी जमीन फाटती वो, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला की." दोन्ही त्रासांचं मूळ एकच असेल का? आणि रेघांसाठी एखादा फिल्टर बसवता येईल का?

प्रतिसाद, गडहिंग्लजहून:

दोन त्रास, दोन मुळं. एकत्र धराल तर महिनाभर घोळत बसाल.

पट्टा आधी घ्या. कातडीलगतची प्रत्येक रेघ मोजक्या एलिमेंटांच्या सिग्नलमधून बनते. खोली वाढते तसे मशीन जास्त एलिमेंट जोडून घेतं. म्हणून दोन-तीन एलिमेंट मेले तर वर काळोख दिसतो आणि खाली शेजारचे भरून काढतात. तुमचं वर्णन नेमकं हेच सांगतंय. आता हे मेलेपण कुठलं ते शोधा: एलिमेंटचं, केबलमधल्या तारेचं, कनेक्टरच्या पिनचं की बोर्डावरच्या चॅनेलचं. मशीन बंद करून तोच प्रोब दुसऱ्या सॉकेटला लावा. पट्टा गेला तर पहिल्या सॉकेटची पिन किंवा रिले. मग दुसरा प्रोब लावून बघा, त्यातही पट्टा आला तर बोर्ड. दोन्हींतून काही निघालं नाही, तर प्रोबला थोडं जेल लावून सरळ केलेली कागदाची क्लिप आडवी ठेवा, म्हणजे प्रोबच्या अरुंद बाजूने, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच सरकवा. खोली कमीत कमी ठेवा. हार्मोनिक आणि कंपाउंड इमेजिंग आठवणीने बंद करा, नाहीतर कंपाउंड (वेगवेगळ्या कोनांतली चित्रं एकत्र करणारी सोय) मेलेले एलिमेंट झाकून टाकतं. क्लिपखाली उजळ रेघ दिसेल, ती जिथे मंद होईल तिथे दोष. शेवटी केबल मुठीजवळ हळू वाकवा. पट्टा लुकलुकला तर तार तुटलीय, एलिमेंट शाबूत आहे.

प्रोबची लेन्स भिंगातून बघा. बारीक चीर जरी असली तरी तो प्रोब पेशंटला लावू नका. एलिमेंटला शंभर व्होल्टांच्या घरातली स्पंदनं जातात.

आता रेघा. ऊतींमध्ये आवाज सेकंदाला १५४० मीटर जातो, म्हणजे एका सेंटीमीटरला जाऊन परत यायला १३ मायक्रोसेकंद. १५ सेंटीमीटरवरून परतणारा प्रतिध्वनी साडेतीन मेगाहर्ट्झला अंदाजे ५२ डेसिबलने दबतो, सुमारे ४०० पट क्षीण. ते भरून काढायला मशीन खोलीप्रमाणे गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, वाढवत नेतं. बाहेरचा विजेचा गोंगाट मात्र खोली जाणत नाही, वेळ बघून येत नाही. तो खालच्या भागात, गेन वाढला तिथेच, प्रतिध्वनीच्या बरोबरीने फुगतो. त्याची लय मशीनच्या स्पंदनाशी जुळत नाही, म्हणून प्रत्येक रेघेत थोडा सरकतो आणि तिरकी नक्षी उमटते. डॉप्लरला जास्त त्रास होतो, कारण रक्तपेशींचा प्रतिध्वनी मुळातच ऊतींपेक्षा कितीतरी क्षीण.

फिल्टरचा नाद सोडा. गोंगाटाचे हार्मोनिक (मूळ वारंवारितेच्या पटीतल्या लहरी) प्रोबच्याच २ ते ५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडले असतील तर फिल्टरने प्रतिध्वनीही कापला जाईल. गोंगाट उगमापाशीच दाबायचा. प्रोब हवेत धरून गेन वाढवा, मग प्रोब काढून ठेवा. रेघा गेल्या तर वाट प्रोबच्या केबलची, राहिल्या तर पुरवठ्याची. आणि हे सांगा: गच्चीवर सोलर आहे का?

प्रतिसाद, संकेश्वरहून:

दहा ते दिवेलागण म्हटल्यावर माझाही रोख सोलर इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलच्या डीसीचा एसी करणाऱ्या पेटीवर. आमच्याकडे एका दवाखान्यात मॉनिटरवर असाच कचरा यायचा. अर्थिंगला पाणी घालाच, काळ्या जमिनीत ते लागतंच. पण मशीनसाठी वेगळा खड्डा खणून तो बाकीच्या अर्थपासून तोडायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका. बिघाडाच्या वेळी दोन अर्थांमध्ये व्होल्टेज उभं राहतं आणि मधे पेशंट असतो.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. सोलर आहे, गेल्या दिवाळीत बसवलंय. भर दुपारी मॅडमच्या परवानगीने इन्व्हर्टर बंद केला, रेघा त्याच क्षणी पुसल्या गेल्या. चालू केला, परत आल्या. प्रोब काढला तरीही फिक्या रेघा उरतात, म्हणजे दोन्ही वाटांनी येतंय. गच्चीवर बघितलं तर डीसीच्या दोन तारा एकमेकींपासून हातभर लांब नेल्यात, मोठा फेराच झालाय, अँटेनासारखा. त्या जोडीने बांधून घेतो आणि इन्व्हर्टरच्या दोन्ही अंगांना फेराइट (गोंगाट दाबणारी तारेवरची कडी) घालतो. मग अर्थ-न्यूट्रल परत मोजतो.

पट्ट्याचंही कळलं. दुसरं सॉकेट, दुसरा प्रोब, दोन्हींतून बोर्ड सुटला. क्लिप डावीकडे मंद होते आणि मुठीजवळ केबल वाकवली की पट्टा क्षणभर भरतो. लेन्स स्वच्छ आहे. म्हणजे अख्खा प्रोब फेकायची गरज नाही, केबलच्या तारा जोडायच्या आहेत.

तर आता एकच प्रश्न उरला. एवढ्या बारीक कोअॅक्सियल (भोवती जाळीचं आवरण असलेल्या) तारा मुठीजवळ नव्याने जोडून देणारं, काम झाल्यावर गळतीचा करंट तपासून लेखी देणारं कुणी बेळगाव-हुबळीकडे आहे का? कर्नाटकातलंच हवं, म्हणजे मॅडमना कागदपत्र सोपे पडतील. सूक्ष्मदर्शकाखाली हे काम स्वतः केलेलं कुणी असेल, तर कवच कसं उघडलं आणि तारांचा क्रम कसा धरला तेही लिहा.