आइस स्केट्स भुशाच्या बर्फावर चालवायचे आहेत, पात्याला काय जोडू?

उद्यमनगरी_टर्नर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातला माणूस बर्फाबद्दल विचारतोय, तेव्हा आधी हसून घ्या.

माझी भाची चौदा वर्षांची. रोलर स्केट्सवर लहानपणापासून आहे, पडायची भीती कधीच मेली. मावसभाऊ कॅनडातनं आला तेव्हा तिच्यासाठी वापरलेले आइस स्केट्स घेऊन आला. पांढरे, फिगर स्केटिंगवाले, पात्याला पुढं दात असलेले. आता जानेवारीत आम्ही घरची नऊ माणसं गुलमर्गला निघालोय आणि पोरीनं कपड्यांच्या आधी स्केट्स बॅगेत भरलेत. तिचं म्हणणं, बर्फ तो बर्फ. यात चूक तिची नाही, आपल्या भाषेची आहे. आइस फॅक्टरीतनं गोणपाटात गुंडाळून येते ती लादी पण बर्फ, आणि आभाळातनं पडतो तो भुसा पण बर्फ. म्हणून इथून पुढं मी लादी आणि भुसा असंच लिहितो.

स्केट्स लादीसाठी आहेत, गुलमर्गात भुसा आहे, एवढं मला कळतं. वर्नियर लावून बघितलं: पातं ३.९ मिलिमीटर जाड, २६ सेंटिमीटर लांब. खालच्या बाजूला मधोमध बारीक पन्हळ घासलेली, त्यामुळं दोन्ही कडांना धार. पोरीचं वजन ४६ किलो. भुशात हे पातं विळीसारखं जाणार.

माझा बेत असा: पात्याखाली ३ मिलिमीटरची एसएस म्हणजे स्टेनलेस स्टीलची पट्टी, १० सेंटिमीटर रुंद, टिग वेल्डिंग मारून पक्की करायची आणि पुढं नाक वर वळवायचं. दुकानात अर्ध्या दिवसाचं काम आहे. कुणी असलं काही केलंय का? की मी उगाच चांगले स्केट्स खराब करतोय?

रंकाळ्यावरचा

रंकाळा गोठला की कळवा, भेळ घेऊन येतो.

फळा_खडू

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न सोडून देववत नाही.

तुमच्याच मापांनी गणित करू. पात्याचा सगळा तळ टेकला असं धरलं तरी क्षेत्रफळ जेमतेम १० चौरस सेंटिमीटर. एका पायावर उभी राहिली की दर चौरस सेंटिमीटरला साडेचार किलो. साध्या बुटाचा तळ १७० धरला तर तोच भार पाव किलोच्या आसपास येतो, आणि तरीही ताज्या भुशात आपण नडगीपर्यंत जातो. तुमची पट्टी १० बाय ३६ केलीत तर ३६० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण १३० ग्रॅम. दीड मीटरच्या स्कीला ४० ग्रॅमसुद्धा येत नाही. म्हणजे पट्टीने बुटापेक्षा बरं होईल, पण ती स्की होणार नाही. ताजा भुसा घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, लादी ९१७ किलो. भुशात दहापैकी जवळपास नऊ किंवा त्याहून जास्त भाग हवाच असते. त्या हवेवर आपण उभं राहायला बघतोय.

दुसरं, आपल्याकडे अजून सांगतात की पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो आणि म्हणून घसरता येतं. एक वातावरण, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा, जादा दाब दिला तर गोठणबिंदू अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही उतरत नाही. शंभर वातावरणं दाबलीत तरी एक अंश पुरा होत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावरचा थर मुळातच सैल असतो, हे मायकेल फॅरडेने १८५० मध्ये मांडलं होतं. त्यात घर्षणाच्या उष्णतेची भर पडते. तुमच्या एसएस पट्टीची अडचण इथेच आहे. धातू ती उष्णता लगेच ओढून घेतो, पट्टी थंडगार राहते आणि भुसा तिला चिकटतो. प्लास्टिक उष्णता ओढत नाही. स्कीचा तळ पॉलिथिनचा असतो तो काही स्वस्त पडतो म्हणून नाही.

निवृत्त_सुभेदार (कागल)

टर्नर दादा, आम्ही काश्मीर आणि लडाख दोन्हीकडे वर्षं काढली आहेत. तुमची लादी-भुसा वाटणी आवडली. २०२४ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बघा, स्केटिंग आणि आइस हॉकी लेहला, स्कीइंग गुलमर्गला. सरकारनेसुद्धा दोन बर्फांची दोन गावं केली. पोरीला खरं स्केटिंग करायचं असेल तर लेहची गोठलेली तळी, नाहीतर शिमल्याची रिंक. ती १९२० पासून आहे, थंडीतच पाणी सोडून नैसर्गिक गोठवतात.

पण गुलमर्गलाच जाणार असाल तर वेळ सांभाळा. रात्री थिजलेला भुसा सकाळी वरून कडक असतो, तुमचं काम झालं तर तेव्हाच. ऊन चढलं की तो ओला होतो आणि तळाला गोळे धरतो. मग माणूस पुढे आणि पाय मागे.

अजून एक, हे नीट ऐका. स्कीचा बूट जोरात पिळला की बंधनातून सुटतो, पाय वाचतो. तुमची पट्टी सुटणार नाही. लांबी वाढवाल तेवढा घोट्यावर पिळा जास्त. म्हणून आखूड ठेवा, उताराचं नावही काढू नका, सपाटीवरच. डोक्याला हेल्मेट आणि मनगटाला पट्टे रोलरचेच चालतील.

मिसिसागाकर

मूळचा राजारामपुरीचा, आता कॅनडात दर हिवाळ्यात भुसा फावड्याने उपसतो. आमच्या शेजारच्या आजी रशियातल्या. त्यांच्या लहानपणी बाजारात ‘स्नेगुर्की’ म्हणून स्केट्स मिळायचे. पातं जाड, नाक जिलबीसारखं वळलेलं. लोकरीच्या नमद्याचे बूट असतात ना तिकडे, वालेन्की, त्यांनाच दोरीने बांधायचे आणि दोरीत काडी घालून पीळ द्यायचा. त्यावर पोरं रस्त्याने शाळेत जायची. आजी हेही सांगतात की रस्ता गाड्यांनी आणि पायांनी तुडवून दगड झालेला असायचा. मऊ भुशात स्नेगुर्कीसुद्धा जात नाहीत.

आता तुमच्या बेताबद्दल. कृपा करून वेल्डिंग मारू नका. पातं पाणी देऊन कडक केलेल्या पोलादाचं आहे, टिगच्या आचेने पाणी उतरेल आणि ते परत कधीच धार धरणार नाही. फिगरच्या पात्याच्या वर, खांबांच्या मध्ये खिडक्या असतात. बोल्ट तिथून आरपार काढा, पात्याला भोकसुद्धा पाडावं लागणार नाही.

आणि पातं पूर्ण झाकू नका. दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली राहू द्या. नुसत्या सपाट पाटाने ढकलताच येत नाही, पाय बाजूला सरकतो. पातं कडक थरात रुतेल, रेटा देईल, आणि भार पाट घेईल.

उद्यमनगरी_टर्नर

वेल्डिंगचं मला कळायला हवं होतं. पंचवीस वर्षं लेथवर काढली आणि पाणी दिलेल्या मालाला टिग मारायला निघालो होतो. मिसिसागाकर, आभार. बाई, तुमची परीक्षा घेतली: एसएसचा तुकडा आणि पॉलिथिनचा तुकडा रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवला, सकाळी फ्रीझरच्याच भिंतीवरचा भुसा खरवडून दोन्हीवर दाबला. एसएसवर तो बसला तो बसलाच, नखानं काढावा लागला. पॉलिथिनवरचा फुंकरीनं गेला. घरची आइस्क्रीम या नादात पातळ झाली, ते वेगळं प्रकरण.

केलं ते असं. पात्याच्या डाव्या-उजव्या बाजूला सागवानाचे दोन गाल, सुतारमित्राकडनं रंधून आणले. वरनं ते बुटाच्या तळपट्टीला भिडतात, त्यामुळं वजन बोल्टांवर न येता थेट लाकडावर येतं. खिडक्यांतनं एम सहाचे तीन बोल्ट, दोन्हीकडं मोठे वायसर आणि नायलॉक नट. साधा नट थरथरीनं सुटतो. गालांखाली १० मिलिमीटरची पॉलिथिन शीट, मधे पात्याला फट, स्क्रूची डोकी आत बुडवून. दोन पट्ट्या पुढं एका आडव्या लाकडानं जोडल्या आणि हॉट एअर गननं नाक वळवलं. या कामाला घाई चालत नाही. १३० अंशांच्या आसपास हे प्लास्टिक पाघळतं, आणि त्याच्या जरा अलीकडं थांबलं तरच ते वळतं. पहिलं नाक पापडासारखं झालं, टाकून दिलं. पातं खाली बरोबर दोन सूत ठेवलंय. पुढचे दात मात्र पूर्ण आत घेतले, ते अडकले असते तर पोरगी तोंडावर आली असती.

भुसा इथं कुठनं आणणार? शेजारच्या फौंड्रीत साच्याच्या ओल्या वाळूचा ढीग असतो. नुसत्या पात्यावर पोरगी उभी राहिली, पातं सगळंच्या सगळं गेलं, वाळू बुटाला लागली. पाट लावल्यावर तेवढंच दोन सूत गेलं. फौंड्रीतली सगळी माणसं काम सोडून बघत होती. मग दोन लाद्या फोडून ताडपत्रीवर पसरल्या. दहा फूट गेली, वळली, आणि तोवर सगळं पाणी.

निवृत्त_सुभेदार (कागल)

शाब्बास. आता विमानात हातातल्या बॅगेत नेऊ नका, पात्याला धार आहे. सामानात टाका. आल्यावर कळवा.

उद्यमनगरी_टर्नर

आलो परत. सगळे धड आहेत, पोरीच्या गुडघ्यावर एक निळा डाग आहे तेवढा.

पहिल्या दिवशी रात्रीचा ताजा भुसा होता. पाटानं काही उपयोग झाला नाही. दोन पावलांत नाक खाली गेलं आणि ती नमस्कार घातल्यासारखी आडवी. नाक मी वर दोन इंचच वळवलं होतं, साडेतीन-चार तरी पाहिजे होतं. स्लेज ओढणारा एक जण थांबून बघत होता. त्यानं हात लावून पाट चाचपला आणि मेणबत्ती लाव म्हणाला. हॉटेलात दिवे जातात म्हणून मेणबत्त्या ठेवलेल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मैदानाच्या कडेची तुडवलेली वाट धरली. तळाला मेण घासलं. तिथं गेलं! पंधरा-वीस मीटरच्या फेऱ्या, रोलरवर मारते तसा रेटा मारत. थांबायला मागचा पाय आडवा धरला की ते दोन सूत पातं कडक थरात रुततं आणि करकर करत थांबवतं. मिसिसागाकर, ही एक गोष्ट नसती तर सगळा खटाटोप वाया होता. अकरानंतर मात्र सुभेदार साहेब म्हणाले तसंच, तळाला गोळे. आवरून घेतलं.

फसलेलं पण सांगतो. गाल आणि बुटाचा तळ यांच्यात मी नखभर फट सोडली होती. तिच्यात भुसा शिरला, दाबून लादी झाली, आणि लाकूड एका बाजूला उचललं गेलं. खिडक्यांत पण तेच. संध्याकाळी बोल्ट हलेनात. किटलीचं गरम पाणी ओतून सोडवले, मग पाती पुसून तेल लावायला मीच विसरलो आणि घरी येईतो दोन ठिकाणी तांबेरा. बारीक दगडानं गेला, धारेला काही झालं नाही. पुन्हा केलं तर फटीत रबर भरीन.

पोरीचा निकाल: “मामा, मजा आली, पण हे स्केटिंग न्हवं.” पुढच्या वर्षी शिमला ठरलंय, लादीवर, पाट न लावता.

तेव्हा गालांचा जोड दुकानात पडून आहे. दर स्केटला तीन बोल्ट, सहा वायसर सगळं जाग्यावर. कुणाच्या घरी फिगरचे स्केट्स असतील आणि काश्मीरकडं निघाला असाल तर घेऊन जावा, पैसे नकोत. फक्त नाक बदलून घ्या.

रंकाळ्यावरचा

मला हवेत. रंकाळा गोठला की.