वीसच्या आतला पट: शाळा वाडीत ठेवायची की पोरं बसमध्ये घालायची?

फळापुसणं
आधीच सांगतो, मी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक. अकरा वर्षं द्विशिक्षकी शाळेत काढली, पट नऊ. म्हणून पुढचं वाचून मला शाळा बंद करणाऱ्यांचा माणूस समजू नका. समजलात तरी माझा इलाज नाही.

२०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा राज्यभर ओरड झाली. अशा शाळा जवळपास १५ हजार. पानशेत आणि तोरणमाळला आधी झालेल्या समूह शाळांची उदाहरणं पुढे केली गेली. मीही त्याविरुद्धच्या मोर्चात होतो. आज जाणार नाही.

कारण सांगतो. आमच्याकडे तिसरीत एकच मुलगी होती. वर्गात पहिली तीच आणि शेवटचीही तीच. कविता म्हणायला उभी राहिली की ऐकायला मी आणि पहिलीतलं एक पेंगणारं पोर. खो-खोला नऊ गडी लागतात. आमची अख्खी शाळा मिळून एक संघ व्हायचा, समोर कोण? दोन शिक्षक म्हणता, पण आठवड्यातले दोन दिवस तरी एकजण केंद्रावर, प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला. मग उरलेल्या एकाने पहिलीला 'क' गिरवायला द्यायचा, दुसरीला हातच्याची वजाबाकी, आणि चौथीचा भागाकार फळ्यावर अर्धा सोडून पोषण आहाराचा तांदूळ मोजायला जायचं. परत येईपर्यंत त्या भागाकारावर कुणीतरी बदक काढलेलं असायचं.

याला शाळा म्हणायचं असेल तर म्हणा. मला वाटतं पाच-सहा वाड्यांची पोरं एका ठिकाणी आणावीत. वर्गाला एक शिक्षक, पोरांना सवंगडी. बस मात्र सरकारची हवी.

ओढ्यापल्याड
गुरुजी, नमस्कार. मी वाडीत राहते, आमची शाळा तुमच्या यादीतलीच. पट तेरा.

माझा धाकटा पहिलीत आहे. सहा वर्षांचा. त्याला दप्तरच जड होतं, तो तीन किलोमीटर जाणार कसा? शिक्षण हक्क कायद्याच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं आहे ना? मग तो नियम आमच्यासाठी नाही का? आषाढात ओढा फुगला की दोन-दोन दिवस पलीकडचा माणूस पलीकडे. सातारच्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवून शाळेला जात होत्या, २०२२ मध्ये हायकोर्टाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. सगळ्यांनी टीव्हीवर बघून हळहळ केली. आता तसंच आणखी वाड्यांचं करायचं?

आणि पोरग्याला एक वेळ पाठवतील. पोरीला नाही पाठवणार. आमच्याकडं 'लांब आहे' एवढं कारण पुरतं.

जमाखर्च
धागाकर्त्याचा अनुभव खरा असेल, निष्कर्ष मात्र सोयीचा आहे. सरकारला त्या तिसरीतल्या मुलीच्या एकटेपणाचं वाईट वाटलेलं नाही. वाचतात ती शिक्षकांची पदं. कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यावेच लागतात, मग पट नऊ असो की एकोणसाठ. नऊच्या सहा शाळा मिळून एक केली की बारा पदांची दोन होतात. हे गणित चौथीतल्या पोरालाही येईल, बदक काढणाऱ्यालासुद्धा.

मागचा इतिहास बघा. २०१७ च्या डिसेंबरात दहाच्या आतल्या सुमारे १३०० शाळा बंद करायचं ठरलं. मग २०२३ चे समूह शाळांचे प्रस्ताव. मग २०२४ च्या सप्टेंबरात छोट्या शाळांतल्या दोनपैकी एका जागेवर १५ हजार मानधनाचा कंत्राटी शिक्षक. शिक्षक रस्त्यावर उतरल्यावर तो निर्णय पुढे गुंडाळला. दरवेळी शब्द नवा, काटछाट तीच.

आणि अशा एकत्र शाळांना 'संकुल' म्हणतात, तो शब्द कोठारी शिक्षण आयोगाचा (१९६४-६६). त्यात माध्यमिक शाळेनं आजूबाजूच्या प्राथमिक शाळांना हात द्यायचा होता, साहित्य-प्रयोगशाळा वाटून घ्यायची होती. छोट्या शाळा गिळायच्या नव्हत्या.

फळापुसणं
@ओढ्यापल्याड ताई, तुमच्या ओढ्याला माझ्याकडे उत्तर नाही, खरंच. पण एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या वाडीत इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी येते का? आमच्या वाडीत यायची. शाळेत नऊ पोरं आणि गाडीत चौदा. त्या चौदा जणांना अंतर आडवं आलं नाही. ज्याच्या खिशात पैसे होते त्यानं समूह शाळा केव्हाच निवडली, फक्त खासगी. मागे राहिली ती मजुरांची पोरं. त्यांच्यासाठी वाडीतली शाळा वाचवली म्हणून आपण सगळे खूश.

@जमाखर्च, पदं वाचवायलाच करतात, मान्य. पण हेतू वाईट म्हणून औषधही वाईट, असं होत नाही.

ओढ्यापल्याड
येते गाडी. रस्त्यापर्यंत. पावसाळ्यात तीही नाही.

चांदणी_वाळू
पट कमी म्हणजे शाळा मेली, हे कुणी ठरवलं? खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट तीनवर आला होता. बंदच व्हायची ती. गावकरी आणि शिक्षकांनी मिळून उभी केली, पट शंभराच्या वर नेला आणि २०२५ मध्ये शाळेला जागतिक पुरस्कार मिळाला. वीसचा नियम कडक लावला असता तर त्या जागी आज कुलूप असतं. पट का घटला ते आधी विचारा. बाथरूमला पाणी नाही, शिक्षक अर्धा वेळ ऑनलाइन माहितीच्या लिंका भरतोय, मग आईबाप गाडी शोधणारच.

फळापुसणं
जालिंदरनगरबद्दल टाळ्या, मनापासून. पण असा एक गुरुजी म्हणजे धोरण नव्हे. त्याची बदली झाली की काय उरतं ते बघायला थांबावं लागेल. आमच्या घाटात प्रश्न वेगळाच आहे: तरुण जोडपीच राहिली नाहीत. मागच्या तीन वर्षांत वाडीत पाच बारशी झाली, त्यातली दोन सुट्टीला आलेल्यांची. पाणी, बाथरूम, पुरस्कार सगळं आणलं तरी पट कुठून आणू?

खडूमास्तर
एक साधी सूचना. शिक्षकांना वर्गात राहू द्या. अर्धा धागा इथंच मिटेल.

जमाखर्च
@खडूमास्तर, शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना शिकवण्याबाहेरचं काम देऊ नका म्हणतं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन कामं त्यातून मुळातच वगळली आहेत. मतदार याद्यांचं काम त्याच दारातून येतं. म्हणजे हे कायद्यातच आहे.

बाळूचा_बाप
इथं सगळे होईल-न होईल बोलताहेत. आमची शाळा एकत्र होऊन तिसरं वर्ष चालू आहे, तर जे झालं तेच लिहितो. जिल्हा सांगत नाही.

पहिल्या वर्षी बस आली. कुठल्या तरी कंपनीच्या मदतीतून होती. निळी, आत पंखा. सकाळी पावणेआठला हॉर्न वाजला की वाडीतली कुत्रीसुद्धा पळत यायची. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ड्रायव्हर म्हणाला, पगार थकलाय. आठवडाभर आला, मग नाही आला. साहेबांकडे गेलो तर म्हणाले, भत्ता मिळेल, तुमची सोय तुम्ही करा. भत्ता वर्षअखेरीला एकदम आला. दोन महिन्यांचं पेट्रोल निघालं त्यात. मधल्या काळात मी मुलाला मोटरसायकलवर सोडत होतो आणि माझा रोज बुडत होता. शेजारच्या दोन पोरी घरीच बसल्या. हजेरीपटावर त्यांची नावं होती, बरं का. शाळाबाह्य म्हणून कुठं नोंद नाही.

आता दुसरी बाजू. बाळू आधीच्या शाळेत पाचवीपर्यंत गेला असता आणि एक शब्द बोलला नसता. आता कबड्डीत आहे. परवा घरी येऊन मला अपूर्णांक समजावत होता, भाकरीचे तुकडे करून. वाडीतली शाळा परत चालू करतो म्हटलं तर तो जाणार नाही. मीही पाठवणार नाही बहुतेक. मग त्या दोन पोरींचं काय, हे मला कुणी विचारू नये.

चांदणी_वाळू
तेच तर विचारायचंय.

बाळूचा_बाप
माहीत होतं.

फळापुसणं
@बाळूचा_बाप, तुमचं वाचून रात्री पुन्हा धागा उघडला. मी 'बस मात्र सरकारची हवी' असं एका ओळीत लिहून मोकळा झालो होतो. ती ओळच खरी सगळी गोष्ट आहे. शाळेची इमारत एकदा बांधली की उभी राहते, बस रोज सकाळी नव्याने यावी लागते. आणि शाळा बंद करायचा कागद कायमचा असतो, बसचा करार वर्षाचा. हे उलट हवं.

माझं मत थोडं सरकलंय. पहिली-दुसरी वाडीतच राहू द्या, एका शिक्षकावर. तिसरीपासून मोठ्या शाळेत. आणि बस बंद पडली तर वाडीतली शाळा आपोआप सुरू, अशी अट मूळ आदेशातच.

जमाखर्च
'आपोआप' हा शब्द कुठल्या शासन निर्णयात वाचलाय कधी? २०२२ ला इगतपुरीतल्या दरेवाडीची पोरं शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली होती, "दप्तर घ्या, बकऱ्या द्या" म्हणत. शाळेसाठी पोरांना शेळ्या हाकत जिल्ह्याला जावं लागलं. याला तुम्ही आपोआप म्हणता?

ओढ्यापल्याड
गुरुजी, मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. सोमवारी सभा आहे, समायोजनाला, म्हणजे आमची शाळा मोठ्या शाळेत मिळवायला, ना हरकत द्या म्हणून वरून सांगावा आलाय. बाकीच्या बायका माझ्याकडं बघतात. सरळ नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी शिक्षकच देणार नाहीत अशी भीती घातलीय. तुम्ही अट म्हणालात ती ठरावात कशी लिहायची ते तरी सांगा. तोंडी नको, वाक्य द्या.

फळापुसणं
लिहा: "वाहन वाडीतील देवळापर्यंत दररोज येईल. सलग तीन दिवस न आल्यास शाळा पूर्वीच्या जागी भरेल. तोपर्यंत शाळेची इमारत, दप्तर व एक शिक्षक वाडीतच राहतील." आणि ठरावाची प्रत सही-शिक्क्यासह स्वतःजवळ ठेवा. फोटो नव्हे, प्रत.

ओढ्यापल्याड
देऊळ ओढ्याच्या अलीकडं आहे. आमची घरं पलीकडं.

फळापुसणं
मग देऊळ खोडा. कुणाचं तरी घर लिहा, ओढ्यापलीकडचं.

ओढ्यापल्याड
माझंच लिहिते.