शब्दचर्चा: ‘तिसरे लिंग’, ‘स्त्रीपार्टी’, ‘उभयलिंगी’ – मूकपटांच्या पाट्यांसाठी मराठी शब्द

रीळवाला
‘आंडर्स आल्स दी आंडर्न’ या १९१९च्या जर्मन मूकपटाच्या मराठी पाट्यांसाठी शब्द हवे आहेत. दिग्दर्शक रिशार्ड ऑस्वाल्ट, लेखनात लैंगिकतेचे अभ्यासक डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांचा सहभाग. व्हायोलिनवादक पाउल क्योर्नर (कॉनराट फाइट) आणि त्याचा शिष्य कुर्ट यांचं प्रेम, मग ब्लॅकमेल, खटला आणि बदनामी, असं कथानक आहे. अडचण चार ठिकाणी आहे: शीर्षक, ‘तिसरे लिंग’, जर्मन दंडसंहितेतलं कलम १७५, आणि ‘इंटरटायटल’ला मराठीत काय म्हणायचं.

शब्दवेल्हाळ
शेवटचं आधी. ‘उपशीर्षक’ नको, तो चित्रावर खाली उमटणाऱ्या ओळींचा शब्द झाला आहे. दोन दृश्यांच्या मध्ये पूर्ण पडदाभर येते ती ‘पाटी’. जर्मन शब्दाचा अर्थही ‘मधलं शीर्षक’ असाच आहे, म्हणून पहिल्यांदा ‘मधली पाटी’ लिहावं आणि पुढे नुसतं ‘पाटी’.

शीर्षकाबद्दल: ‘इतरांपेक्षा वेगळा’ हे चुकीचं नाही, पण दोन गोष्टी हरवतात. जर्मन ‘आंडर्स’ आणि ‘आंडर्न’ एकाच मुळाचे आहेत, त्यामुळे नाद जुळतो. शिवाय ‘आंडर्स’ला लिंग नाही. मराठीत वेगळा-वेगळी-वेगळे यांतलं एक निवडावंच लागतं, आणि ‘वेगळा’ म्हटलं की शीर्षक एकट्या पाउलचं होतं. ‘चारचौघांहून निराळे’ घ्या. ‘चारचौघांसारखा वाग’ हे मराठी घरातलं नेहमीचं दडपण त्या शब्दात आपोआप येतं, ‘चारचौघां’चा नाद जुळतो आणि ‘निराळे’ अनेकवचनीही वाचता येतं.

मूकपटप्रेमी
शीर्षकाला अनुमोदन. ‘तिसरे लिंग’ मात्र जपून. हिर्शफेल्ड यांच्या वर्तुळात हा शब्द पुरुष आणि स्त्री यांच्या मधल्या सगळ्या छटांसाठी होता आणि समलिंगी माणसं त्यात धरलेली होती. त्याचं मराठी ‘तृतीयपंथी’ केलं, की प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर हिजडा समाज येतो. पाउल कोट-टाय घातलेला मैफलीतला कलावंत आहे. पाटीवर ‘तृतीयपंथी’ आणि दृश्यात तो, असा मेळ बसणार नाही, आणि दोन्ही समूहांवर अन्याय होईल.

माझी सूचना ‘तिसरी प्रकृती’. कामसूत्रात ‘तृतीया प्रकृति’ हा शब्द आहेच. मराठीत ‘प्रकृती’ म्हटलं की आधी तब्येत आठवते हे खरं, पण ‘वातप्रकृती’ म्हणताना आपण जन्मजात घडण म्हणतोच ना? हिर्शफेल्ड यांचा युक्तिवाद नेमका तोच होता: हा आजार नाही, गुन्हा नाही, घडण आहे.

रीळवाला
मग ‘समलिंगी’ पाटीवर चालेल का? की तो फार आजचा वाटतो?

मूकपटप्रेमी
चालेल, कारण मूळ शब्दही तेव्हा जुना झाला होता. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द कार्ल मारिया केर्टबेनी यांनी १८६९ मध्ये छापला. त्याच्याही आधी, १८६४ पासून, कार्ल हाइनरिश उलरिक्स ‘उर्निंग’ म्हणत होते. म्हणजे १९१९च्या या चित्रपटातल्या डॉक्टराच्या तोंडी ‘समलिंगी’ बसतो. ‘गे’, ‘क्वीअर’, ‘एलजीबीटी’ हे शब्द पाटीवर अजिबात नकोत, लेखात वापरा.

कोणता शब्द कुठे, हे मी बोलणारा पाहून ठरवतो. डॉक्टर बोलतो तेव्हा ‘समलिंगी’, ‘तिसरी प्रकृती’. ब्लॅकमेल करणारा बोलेक (राइनहोल्ड श्युन्त्सेल) बोलतो तेव्हा त्याची भाषा सभ्य करू नये. आईवडील बोलतात तेव्हा शब्दच नसतो, ‘ते तसले’ एवढंच असतं. मराठीत ‘तसला’ हा एक शब्द पूर्ण तिरस्कार पोचवतो. तिथे ‘समलिंगी’ लिहिलं तर प्रसंगातला घरगुती अपमान पुसला जाईल.

कायदापुस्तक
कलम १७५ला सरसकट ‘समलैंगिकताविरोधी कायदा’ म्हणू नका. माणसांमधल्या संबंधांपुरतं ते फक्त पुरुषांना लागू होतं, स्त्रियांना नाही. लेखी मजकुरात ‘पुरुषांमधील संबंध गुन्हा ठरवणारे कलम’ म्हणा. पाटीवर नुसतं ‘कलम १७५’ पुरेसं आहे, कारण तो आकडा तिथे शिवीसारखा वापरात होता. तळटीपेत आपल्या भारतीय दंडसंहितेतलं ३७७ आठवलं तर हरकत नाही, पण फरक सांगा: ३७७च्या मजकुरात ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोग होता, पुरुष-पुरुष असं नव्हतं. जर्मनीतलं १७५ पूर्णपणे रद्द झालं ते १९९४ मध्ये.

आणखी एक. ‘खंडणी’ की ‘ब्लॅकमेल’? जर्मन शब्दात दोन्ही येतात. खंडणीत मारहाणीची किंवा जिवाची धमकी ऐकू येते. इथे धमकी गुपित फोडण्याची आहे. ‘ब्लॅकमेल’च ठेवा. फक्त न्यायालयाच्या पाटीवर आरोप म्हणून ‘खंडणी’ शोभेल. त्या खटल्यात बोलेकला शिक्षा होते, आणि पाउललाही १७५खाली होते. एकाच खटल्यात दोघांना शिक्षा, हा प्रसंग पाटीवर स्पष्ट कळला पाहिजे.

शब्दवेल्हाळ
पाटीची लांबीही बघा. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. सेकंदाला १६ चौकटींच्या वेगाने एक फूट म्हणजे एक सेकंद; २४च्या वेगाने तोच फूट दोनतृतीयांश सेकंदात संपतो. म्हणजे ८ फुटांची पाटी १६च्या वेगाने ८ सेकंद दिसते, २४च्या वेगाने सव्वापाच सेकंदांच्या आसपास. मराठी शब्द प्रत्यय चिकटून लांबतात, म्हणून शब्दसंख्या मोजून फसू नका. घड्याळ लावून मोठ्याने वाचा, आणि ज्या वेगाने दाखवणार त्याच वेगाने तपासा.

भाषांतर शक्यतो इंग्रजी पाट्यांवरून करू नका. या चित्रपटावरच्या १९२०च्या बंदीनंतर मूळ प्रती टिकल्या नाहीत. जे उरलं ते मुख्यतः १९२७ मध्ये हिर्शफेल्ड यांच्या ‘गेझेत्से देर लीबे’ या चित्रपटात घातलेल्या छोट्या आवृत्तीमुळे, आणि तीही युक्रेनी पाट्यांच्या प्रतीतून. आजच्या जर्मन पाट्या पुन्हा रचलेल्या आहेत. इंग्रजी म्हणजे त्याच्याही पुढची पायरी.

पडद्यामागे
लेखात एक तुलना नेहमी येते आणि ती चुकते: फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती झालेले अण्णा साळुंके. त्यांना ‘ट्रान्स भूमिका’ किंवा ‘समलिंगी विषय’ म्हणू नका. त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: स्त्रीपार्टी. स्त्रीपार्ट म्हणजे भूमिका, स्त्रीपार्टी म्हणजे ती करणारा नट. कथेतली तारामती पूर्ण स्त्री आहे, तिच्या जगात कुणालाही संशय नाही. साळुंके यांनी ‘लंका दहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही केले, पात्रं दोन, विषय तोच पौराणिक.

याउलट जर्मन दिग्दर्शक लुबिच यांच्या ‘इश म्योष्टे काइन मान झाइन’मध्ये (१९१८) ओसी ओस्वाल्डा मुलगीच आहे आणि कथेतच पुरुषवेष घेते. तिचा पालक तिला तरुण मुलगा समजून चुंबन घेतो. इथे ‘वेषांतर’ हा शब्द योग्य, आणि समलिंगी आकर्षणाचा विषय खरोखर पडद्यावर आहे. फसवलं कुणाला जातं ते पाहा. पात्रं फसत असतील तर वेषांतर, पात्रांना काही कळायचंच नसेल तर स्त्रीपार्ट.

रीळवाला
बायसेक्शुअलसाठी ‘उभयलिंगी’ सगळीकडे दिसतो. तो घेऊ?

शब्दवेल्हाळ
नको. शाळेच्या पुस्तकात जास्वंदीचं फूल आणि गांडूळ उभयलिंगी असतं. तिथे अर्थ एकाच शरीरात दोन्ही लिंगं असा. आकर्षणासाठी ‘उभयलैंगिक’ लिहा, किंवा सरळ ‘बायसेक्शुअल’.

तीच काळजी हिर्शफेल्ड यांनी १९१० मध्ये रूढ केलेल्या ‘ट्रान्सव्हेस्टिट’ला. आज ज्यांना आपण पारलिंगी (ट्रान्स) म्हणू अशी माणसंही त्यांनी त्यात धरली होती. म्हणून तो शब्द ‘वेषांतर करणारा’ असा उतरवू नका, ते नाटकातलं सोंग वाटतं. ‘परवेषी’ लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगा.

कायदापुस्तक
‘आंडर्स आल्स दी आंडर्न’च्या शेवटच्या दृश्यात कायद्याच्या पुस्तकातलं कलम १७५ कुंचल्याने खोडलेलं दिसतं. तिथे मराठी पाटी घालू नका. खोडलेला आकडा दिसू द्या.