मदत हवी आहे: डिफरेन्शियल न उघडता क्राऊन-पिनियनचा रेशो नक्की कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. डिफरेन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा; त्यातल्या क्राऊन आणि पिनियन या दोन गिअरच्या दातांचं प्रमाण, म्हणजे रेशो, काढायचाय. गाडी सेकंड-हँड बोलेरो, २०११ ची, डिझेल, टू-व्हील ड्राइव्ह. सोलापुरातून उजनीच्या बॅकवॉटरला फायबरची बोट ट्रेलरवर न्यायची आहे. बोट आणि ट्रेलर मिळून साधारण ७०० किलो. सपाट हायवेवर गाडी ओढते. काठावरच्या चढावर, चिखलात बोट वर काढताना मात्र क्लचचा वास येतो. रेशो कळल्याशिवाय क्राऊन-पिनियन बदलायचा विचारही करायचा नाही.

आरसी बुकात रेशो नाही, मॅन्युअल मिळालेलं नाही. डिफरेन्शियलचं हाउसिंग (बाहेरचं आवरण) रॉकेलने घासून पाहिलं, एकही आकडा वाचता आला नाही. आधीच्या मालकाने टायर मोठे टाकलेत, त्यामुळे स्पीडवरून हिशोब जुळत नाही.

शेवटी गाडी न्यूट्रलला ठेवून मागचं एकच चाक जॅकवर उचललं. हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून बाकी तिन्ही चाकांना लाकडी गुटके लावले. खडूची खूण करून चाकाला २ पूर्ण फेऱ्या दिल्या, कारण दुसरं मागचं चाक स्थिर असताना एका चाकाच्या २ फेऱ्या म्हणजे क्राऊनची १ फेरी. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफरेन्शियलच्या पिनियनला फिरवणारा दांडा) ४ फेऱ्या पूर्ण करून थोडा पुढे गेला. आता हे ४.१० की ४.३०?

माझ्या हिशोबाने चाकाला १० फेऱ्या दिल्या तर शाफ्ट ४.१० ला साडेवीस आणि ४.३० ला साडेएकवीस फिरेल. हे बरोबर आहे का? जुन्या गिअरमधल्या प्लेमुळे (दातांमधल्या ढिलेपणामुळे) इतका फरक पडू शकतो, की मागचं कव्हर उघडून दातच मोजावे लागतील?