कंपनीच्या फुकट हेवी ट्रेनिंगला जावं का? दोन वर्षांचा बाँड मागून राहिले

करंजीचा पोट्टा

राम राम मंडळी. मी करंजीजवळच्या खेड्यातला, वय 22, बारावी झालेली. घरी कोरडवाहू शेती, कापूस अन् तूर. ट्रॅक्टर येतो, पिकअप चालवतो, एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सला दीड वर्ष झालं. आता ट्रकवर जायचं पक्कं केलं आहे.

नागपूरकडच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीचा माणूस गावात येऊन गेला. ट्रेनिंग फुकट, राहणं-खाणं फुकट, हेवी लायसन्स ते काढून देणार, लगेच नोकरी. बदल्यात दोन वर्षांचा बाँड. मधात सोडलं तर साठ हजार भरायचे. बारावीची ओरिजिनल मार्कशीट अन् सही केलेला कोरा चेक त्यांच्याकडे जमा ठेवायचा.

दुसरं, छिंदवाड्याला अशोक लेलँडची ड्रायव्हर ट्रेनिंगची संस्था आहे, तिथं चौकशी करावी का? तिसरं म्हणजे पांढरकवड्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये स्वतःचे पैसे भरायचे अन् मामाच्या गाडीवर किन्नर म्हणजे क्लीनर म्हणून फिरत शिकायचं. बाबा म्हणतात फुकट आहे तर जा. आई म्हणते कशावरच सही करू नको. सोमवारी उत्तर द्यायचं आहे.

घाटंजीकर

कोरा चेक कोणालाच द्यायचा नाही. मार्कशीटही नाही. माझ्या चुलतभावाची मार्कशीट अशीच एका कंपनीकडे अडकली होती. पोलीस भरतीत कागदपत्रं तपासायच्या दिवशी याच्या हातात फक्त झेरॉक्स. ओरिजिनल दाखवायची, झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल परत पिशवीत.

वणीचा बल्करवाला

भाऊ, मी आधी कोळशाच्या हायवावर, म्हणजे टिपरवर होतो, आता गडचांदूरचा बल्कर चालवतो, सुट्या सिमेंटचा टाकीवाला ट्रक. मालक नवीन पोट्टे माझ्याच शेजारी बसवतो, म्हणून सांगून राहिलो.

फुकट का पैसे देऊन, हे नंतर पाहू. पहिले हे विचार की स्टिअरिंग तुझ्या हातात किती तास राहीन. नियमात हेवीसाठी कमीत कमी 30 दिवस अन् त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं 15 तास असं लिहिलं आहे. सरकारमान्य मोठी केंद्रं 2021 पासून सुरू झाली, त्याईचा हेवीचा कोर्स 38 तासांचा, सहा आठवड्यांत. तिथं सिम्युलेटर असते, स्वतःचा ट्रॅक असते, अन् तिथून पास झाला तर आरटीओत पुन्हा ट्रायल द्यावी लागत नाही. कंपनीचं स्कूल यातलं कोणतं, हे सरळ विचार. छिंदवाड्यालेही हेच प्रश्न विचार. गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा हात आहे म्हणून तिथी शिकवायच्या गाड्या चांगल्या राहतीन असं मले वाटते, पण फोनवर ठरवू नको, जाऊन पाय.

यार्डात कामाच्या दिवशी जा, न सांगता. कडेला उभा राहा. सकाळी मास्तर पोट्ट्यांना काय करायला लावते ते पाय. चांगला मास्तर पहिले गाडीभोवती फिरवते, टायर ठोकून पाहायला लावते. मंग गाडी चालू करून हवेच्या काट्याकडे बोट दाखवते. ट्रकचा ब्रेक हवेवर. टाकीत हवा भरली नाही, बझर वाजून राहिला, अन् पोट्टा गियर टाकून निघाला, अन् मास्तर गप्प, तर त्या स्कूलमधून तसाच परत ये. हे पिकअपवर कोणी शिकत नाही, कारण पिकअपले ही भानगडच नसते.

अन् भरलेली गाडी! बहुतेक ठिकाणी रिकाम्या ट्रकवर शिकवतात. रिकाम्या ट्रकचा अंदाज लवकर येते. त्याच गाडीत माल भरला की जाम गावच्या चौरस्त्याआधी ब्रेक कुठून धरायचा याचा सगळा हिशोब बदलते. उतारावर न्यूट्रल करायचं नाही, चढताना जो गियर लागला त्याच गियरमध्ये उतरायचं, एग्झॉस्ट ब्रेक लावून, जो इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करते. हे लोडवरच समजते. माझा बल्कर वळणावर वेगळाच वागते, वजन वर असते ना. हायवाचं तर विचारूच नको. खाली करताना मागचं एक चाक मऊ मातीत असलं अन् डाला, म्हणजे मागचा मालाचा डबा, वर गेला, तर गाडी आडवीच होते. तेव्हा पोट्टा केबिनमध्ये असते.

म्हणून कंपनीले लेखी विचार: लोड गाडीवर कधी बसवणार? लायसन्स आल्यावर किती महिने उस्तादसोबत ठेवणार? मी पाहिलं आहे, लायसन्सचं कार्ड हातात पडलं त्याच आठवड्यात पोट्ट्याले चाबी देऊन एकट्यानं रात्रीच्या ट्रिपले पाठवलं. त्याचे हात कापून राहिले होते. अशा कंपनीत पाच लाख देत असतील तरी जाऊ नये.

बाँडचा मले राग नाही. कंपनीनं पैसे लावले, ती दोन वर्षं मागणारच. पण आकडा दर महिन्याले कमी होत गेला पाहिजे. तेवीस महिने काम करून चोविसाव्या महिन्यात घरी अडचण आली, तरी साठ हजारच द्यायचे, हे काऊन?

हिंगणघाटची ताई

मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशोब पाहते, बाँडबद्दल एवढं सांगते. कागदावर साठ हजार लिहिले म्हणजे साठ हजार द्यावेच लागतात असं नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 असं आहे की लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, तिच्या आत वाजवी भरपाई तेवढीच. पण हे सांगायला वकील लागतो आणि कोर्टाच्या चकरा होतात. तुमचा कोरा चेक मात्र त्यांच्या हातात आधीच असतो. म्हणून चेक नाहीच.

पगाराचं नीट विचारा. पक्का पगार किती आणि ट्रिपचा भत्ता किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. मग कापतात काय? डिझेलचं एव्हरेज कमी आलं तर ड्रायव्हरच्या नावावर, टायर फुटला तर ड्रायव्हरच्या नावावर, उतरवताना माल कमी भरला तर, चलान आलं तर. माझ्यासमोर पोरं हिशोबाला बसतात, आणि महिनाभर गाडी चालवून हाती काही उरत नाही तेव्हा त्यांच्या तोंडाकडे पाहवत नाही. कापायच्या गोष्टी नियुक्तीपत्रात आधीच लिहिलेल्या हव्यात. 20 किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागतो, तो भरतात का विचारा. बाँडची मराठी प्रत मागा आणि दोन दिवस घरी ठेवून वाचा. घरी न्यायला नाही म्हणाले तर तिथंच समजून जा.

करंजीचा पोट्टा

ताई, काका, लय आभार. काल मामासोबत जाऊन आलो. 24 पोरं आहेत, गाड्या दोन, पण एक गॅरेजमध्ये आहे म्हणाले. मास्तर चांगला वाटला, हवेचं त्यानं स्वतःहून सांगितलं. लोड गाडीचं विचारलं तर म्हणे नोकरीवर शिकशील. बाँड घरी नेऊ दिला नाही.

वणीचा बल्करवाला

मंग हिशोब कर. एक गाडी, दिवसाचे आठ तास, म्हणजे 480 मिनिटं. 24 पोट्टे. एकाच्या वाट्याले 20 मिनिटं, तेही गाडी एक मिनिट उभी राहिली नाही तर. महिन्याचे 26 दिवस धरले तरी पावणेनऊ तासही होत नाहीत. नियमातले 15 तास कुठून आणतीन? दुसरी गाडी गॅरेजमधून आली तर सतरा तास होतात, ते चाललं असतं. पण आज नाही ना ती.

मास्तर चांगला आहे याचं मले बरं वाटलं. त्याले वेगळं गाठून विचार की दुसरी गाडी कधीपासून बंद आहे. अन् मागच्या बॅचचे दोन पोट्टे शोध. कंपनीनं दिलेल्या नंबरवरचे नको, जामच्या ढाब्यावर त्या कंपनीच्या गाड्या थांबतात, तिथी बसून विचार.

तोवर सोमवारी नाही म्हणून टाक. गाडीवर ड्रायव्हर सगळ्याईलेच कमी पडून राहिले, तुझी जागा कुठं जात नाही. छिंदवाड्याले जाऊन ये. ते जमलं नाही तर पांढरकवड्याचं स्कूल अन् मामा, हा रस्ताही वाईट नाही. फक्त हेवीचं लर्निंग निघाल्याशिवाय मामाच्या गाडीचं स्टिअरिंग धरू नको, एक अपघात झाला तर विम्याचा पैसा अडकते अन् मामाची गाडी जाते. लर्निंगले फॉर्म 1-ए लागते, डॉक्टरचा, त्यात डोळे अन् रंग ओळखणं तपासतात. ते आताच करून घे.

मामाची गाडी कोणती आहे, दहाचाकी का ट्रेलर, अन् कोणत्या लाईनवर चालते? ते लिही, मंग किन्नर म्हणून पहिले काय शिकायचं ते सांगतो.