मदत हवी आहे: प्रेशर वॉशिंगच्या धंद्यात इन्कम टॅक्सला कुठकुठला खर्च धरता येतो?

नमस्कार मंडळी, मी मालवण तालुक्यातला, तीन वर्षं प्रेशर वॉशरने धुवायची कामं घेतोय. जांभ्याचे गडगे, चिऱ्याची घरं, अंगणातले पेव्हर ब्लॉक, होमस्टेच्या पायऱ्या. आपल्याकडे पाऊस सुरू झाला की शेवाळ असं धरतं की म्हातारी माणसं पायरीवरनं घसरतात, त्यामुळे गणपतीच्या आधी पंधरा दिवस दम घ्यायला फुरसत नसते, चाकरमानी यायच्या आत सगळ्यांना घर धुऊन हवं असतं. परत दिवाळीला तेच, आणि १ जूनला मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढतात तेव्हा त्यांचे तळ धुवायची कामं.

आतापर्यंत रिटर्नचा विषय मनावर घेतला नव्हता, पण आता पिकअप घ्यायचीय आणि बँकवाले म्हणतात रिटर्न आणा. २०२५-२६ चा हिशोब वहीवरनं काढला तर जमा ९,४०,००० झाली, त्यात ५,६०,००० जीपे आणि बँकेतनं, बाकी ३,८०,००० रोख. खर्च साधारण ५,२०,०००. मशीनचं पेट्रोल, बाईकचं पेट्रोल, मदतीला येणाऱ्या दोन पोरांची मजुरी, पाईप, गन, नोझल, सील किट (खाऱ्या हवेत पंपाचे सील फार टिकत नाहीत, वर्षात तीनदा बदलले), केमिकल, गमबूट.

मामेभाऊ म्हणतो कशाला डोकं खपवतोस, सहा टक्के नफा दाखव आणि मोकळा हो. मला ते पटत नाही, जे कमावलं ते दाखवायचंय, पण जो खर्च खरोखर केला तो पण धरला जावा असं वाटतं. अडचण अशी की पेट्रोलच्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या होत्या, पावसाळ्यात ओल लागली, अर्ध्यांवरची छपाई उडाली, नुसता पांढरा कागद उरलाय.

अजून दोन गोष्टी. नोव्हेंबरात कोल्हापुरातनं नवीन पेट्रोल मशीन आणलं ८५,००० ला, २५,००० रोख दिले आणि ६०,००० ऑनलाइन. ते पूर्ण ८५,००० यंदाच खर्चात धरायचे का? आणि एका रिसॉर्टचं वर्षभराचं काम होतं १,२०,००० चं, त्यांनी १,२०० कापून दिले, म्हणाले टॅक्स भरला तुमचा. म्हणजे माझा टॅक्स झाला का? कोणी जाणकाराने नीट सांगावं, आमच्या वाडीत विचारायला कोणी नाही.

प्रतिसाद १

दादा, मी रत्नागिरीत अकाउंटचंच काम करते. आधी मामेभावाचं बघू. तो म्हणतोय ते कलम ४४ एडी, छोट्या धंद्याला पूर्ण वह्या न ठेवता जमेवर ठरावीक टक्के नफा दाखवायची सोय. त्यात बँकेतनं आलेल्या पैशावर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरतात, म्हणजे तुमचे ३३,६०० अधिक ३०,४००, एकूण ६४,०००. पण हे कमीत कमी आहे हो, जास्त कमावलं असेल तर जास्तच दाखवायचं. तुम्ही त्याच कलमात जमेतनं खर्च जाऊन उरलेले ४,२०,००० दाखवू शकता, आयटीआर ४ या रिटर्नच्या फॉर्ममध्ये. वेगळा खर्च मग वजा होत नाही, कारण तो आधीच वजा होऊन हा नफा उरला असं धरतात, त्यामुळे पांढऱ्या पावत्यांचं फार मनाला लावून घेऊ नका.

आणि टॅक्सच्या नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट, म्हणजे टॅक्सात माफी आहे, म्हणजे ४,२०,००० वर तुम्हाला टॅक्स शून्यच येतो. मग ६४,००० दाखवून मिळवलंत काय? पिकअपला कर्ज मागायला गेलात की बँक तोच आकडा बघणार. खरा आकडा दाखवणं तुमच्याच फायद्याचं आहे.

रिसॉर्टने कापला तो टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला टॅक्स, १ टक्का. टॅक्स झाला असं नाही, तुमच्या नावावर आगाऊ जमा झालाय. २६ एएस मध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सच्या उताऱ्यात, १,२०० दिसतायत का बघा, दिसत असले तर रिटर्न भरल्यावर परत मिळतील. दिसले नाहीत तर रिसॉर्टच्या अकाउंटवाल्याला लगेच गाठा, पॅन नंबर चुकला असेल.

धागाकर्ता

ताई खूप आभार, डोक्यावरचं ओझं उतरलं. मशीनचं तेवढं सांगा ना, पुढे कधी खर्च वजा करून रिटर्न भरायची वेळ आली तर.

प्रतिसाद २ (त्याच ताईंचा)

तेव्हा वह्या ठेवून आयटीआर ३ भरावा लागेल, आणि एकदा ४४ एडी घेऊन पाच वर्षांच्या आत त्यातनं बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं परत त्यात येता येत नाही, म्हणून उगाच उड्या मारू नका. मशीन एकदम खर्चात जात नाही, घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत) मिळतो वर्षाला १५ टक्के, आणि पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्मा. तुमचं नोव्हेंबरचं, म्हणजे साडेसात टक्के. पण मशीनसारख्या वस्तूला एका दिवसात एकाला १०,००० च्या वर रोख दिली की ती रक्कम किंमतीत धरतच नाहीत. तुमचे २५,००० एकाच दिवशी गेले ना? मग घसारा ६०,००० वरच, ४,५००. पिकअप घेताना सगळे पैसे बँकेतनंच द्या. कर्ज घेतलंत तर वह्या ठेवणाऱ्याला व्याज खर्चात धरता येतं, मुद्दल नाही. घरच्या कामाला गाडी फिरवाल तेवढा भाग वगळायचा.

पोरांच्या मजुरीचं व्हाउचर करा, तारीख, काम, रक्कम, सही. पेट्रोलची पावती मिळाली की तिथेच पंपावर मोबाईलने फोटो काढा.

धागाकर्ता

हो, २५,००० एकाच दिवशी दिलेले. सोमवारी बँकेत जाऊन धंद्याचं वेगळं खातं उघडतो, आणि व्हाउचरचं पुस्तक आजच बाजारातनं आणतो. २६ एएस बघून इथेच लिहितो १,२०० दिसले का ते.