घरात चार फोन, रेंज फक्त माळ्यावर

प्रश्न: राजापूरजवळ आमचं जांभ्याचं घर, भिंती हातभर जाड. रेंज माळ्याच्या खिडकीतच. चार फोन मिळून सिग्नल ओढू शकतात का? माझ्याशी बोलायला आई रोज जिना चढते, गुडघे कुरकुरतात.

उत्तर १: वाढत नाही, वाटता येतो. जुना फोन खिडकीत चार्जिंगला लावा, हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा. ५ गिगाहर्ट्झपेक्षा तो भिंतीपार बरा जातो. आईंच्या फोनात वाय-फाय कॉलिंग सुरू करा.

उत्तर २: फोनमार्गे दुसऱ्या फोनला नेटवर्क देणं ४जीच्या मानकात, म्हणजे तांत्रिक नियमांत, त्यांच्या रिलीज १३ या आवृत्तीत आलंय. पण ते पोलीस, अग्निशमनासाठी. आपल्या हातात हॉटस्पॉटच.

प्रश्नकर्ता: जमलं! पहिल्या दिवशी फोन उन्हात तापून बंद पडला. आता त्याच्यावर सुपाची सावली. आई चुलीजवळून बोलली, मागे फोडणीचा आवाज.